ताईची वीत

दाजींचा पंजा रुंद आहे. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ताणला की साडेनऊ इंच सहज भरतो. माझी वीत साडेआठावर थांबते. त्यामुळे एकच मासा दाजींनी मोजला की लहान पडायचा आणि मी मोजला की मोठा व्हायचा. दाजींचं म्हणणं, धरला मी, तर माझाच मासा माझ्याच हातानं लहान का ठरावा? माझं म्हणणं, ज्याचा मासा त्याचा हात. अशी दोन-तीन भांडणं झाल्यावर एका संध्याकाळी ताई भाकरी थापायची सोडून उठली, पिठाचा हात पदराला पुसला आणि परातीत पडलेल्या चिलापीवर आपली वीत ठेवली. उरलेल्या शेपटीवर बोटं आडवी लावली. "वीत अन् दोन बोटं," ती म्हणाली. "उद्यापासून मीच मोजीन. आता हात धुऊन जेवायला बसा."

ही २००९ सालची गोष्ट. तेव्हापासून ताईची वीत हेच आमचं माप. आठ इंचांना दोन सूत कमी. वर्षातला सगळ्यात मोठा मासा ज्याचा, त्याच्या नावानं दाजींच्या कोठ्याच्या भिंतीवर नोंद होते. दाजींचा मासा गेरूनं लिहायचा, माझा कोळशानं. साल, वीत, बोटं, एवढंच. खाली बैल रवंथ करत उभे असतात आणि वर ही वही उघडीच असते.

संभाजीनगरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलं आणि चौक्याचा घाट ओलांडला की फुलंब्रीचा मुलूख लागतो. मका, कापूस, अद्रक. म्हैसमाळकडच्या डोंगरातून निघालेली गिरिजा येसगावच्या धरणात थांबते, तिथून निघून आमच्या तालुक्यातून वाहते आणि पुढे पूर्णेला मिळते. आमचा पाझर तलाव मात्र गिरिजेवर नाही. तिला मिळणाऱ्या एका ओढ्यावर तो बांधलेला आहे. बांध आमच्या गावच्या हद्दीत आणि पाण्याचा फुगवटा ताईच्या सासरच्या शिवारात. आमच्याकडे खोल पाणी, दाजींकडे उथळ पाणी आणि त्यात बुडालेल्या बाभळी. सोयरीक जुळली तेव्हाच ही चुरस ठरलेली होती म्हणायची.

तलाव १९७२ चा. मीही त्याच सालचा. त्या दुष्काळात सरकारनं गावोगाव कामं काढली. खडी फोडायची, रस्ते करायचे, नाल्यांना बांध घालायचे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्यात माझी आई एक. मी बाभळीला बांधलेल्या झोळीत, आणि पाच वर्षांची ताई झोळीला झोका देत बसलेली. आई मुरमाची टोपली डोक्यावर घेऊन बांध चढायची. ताईला त्या दिवसांतली सुकडीची चव अजून आठवते. ती म्हणते, गोड होती, पण तोंडात माती असायची, त्यामुळे माती गोड लागायची.

म्हणून हा तलाव आम्हाला नुसता तलाव वाटत नाही. आईच्या डोक्यावरच्या टोपल्या त्याच्या पोटात आहेत.

पाझर तलावाचं काम धरणासारखं नसतं. धरण पाणी धरून ठेवतं. पाझर तलावानं ते सोडायचं असतं. पावसाळ्यात साठलेलं पाणी मुरमातून खाली झिरपतं, खालच्या विहिरींना पोचतं, आणि विहिरीत एक परस पाणी वाढलं की गहू-हरभऱ्याला दोन पाळ्या मिळतात. तलाव जितका नेकीनं काम करील तितका तो लवकर रिकामा होणार. अशा पाण्यात माशानं मोठं व्हायचं म्हणजे अवघड गोष्ट आहे. आमच्या तलावाला एक आधार आहे. बांधासाठी मुरूम जिथून काढला ती खाण बांधाला लागूनच आहे, आणि तिथं खोल डोह राहिला आहे. बाकीचा तलाव फेब्रुवारीत भेगाळला तरी या डोहात बऱ्या सालात पुढच्या पावसापर्यंत पाणी टिकतं. त्या डोहात जे जगले वाचले तेच मासे पुढच्या वर्षी एक वर्षानं थोर होतात.

म्हणून सांगतो, आमच्याकडं मोठा मासा म्हणजे सलग पावसाळे. दाजींच्या भिंतीवर हे स्वच्छ वाचता येतं. २००९ वीत, दोन बोटं. २०११ वीत, तीन बोटं. २०१२ कोरं, कारण त्या साली तलावात पाणी आलंच नाही. २०१३ ला पाऊस बरा झाला, पण भिंतीवर लिहिलं आहे "वीत भरली नाही." २०१४ कशीबशी वीत. २०१५ पुन्हा कोरं. त्याच दुष्काळात पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. २०१६ वीत भरली नाही. पावसाच्या नोंदी तहसीलमध्ये असतात, मिलिमीटरमध्ये. आमच्याकडं त्या बोटांमध्ये आहेत.

आता चिलापीबद्दल. मासे जाणणारी माणसं तिला मान देत नाहीत. मरळ म्हटलं की डोळे चमकतात, वांब म्हटलं की तोंडाला पाणी सुटतं, आणि चिलापी म्हटलं की "काटेच काटे" म्हणून हात झटकतात. ती मूळची आफ्रिकेची, मोझांबिककडची. १९५२ मध्ये श्रीलंकेतून ती भारतात आणली आणि मग तळ्यातळ्यांत पसरली. तिचं इंग्रजी नाव गावागावांत झिजून चिलापी झालं. मला ही मासळी आवडते, आणि ती केवळ ताटात आवडते असं नाही. मादी अंडी तोंडात धरून उबवते, तेवढे दिवस जवळजवळ उपाशी राहते. पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. नर वीण आली की काळाभोर होतो, परांना तांबडी किनार चढते, आणि उथळ पाण्यातल्या गाळात तो परातीएवढा गोल खड्डा कोरतो. दाजींच्या बाजूला पाणी निवळ असलं की असे वीस-पंचवीस खड्डे ओळीनं दिसतात, पंगतीत पत्रावळी मांडल्यासारखे.

मोठी चिलापी म्हणजे बहुतेक वेळा असा काळा नर. त्याला गळाला लावायचं तर काय करावं, यावर आम्ही दोघांनी सोळा वर्षं घालवली आहेत.

सुरुवातीला मी गांडूळ लावायचो. गांडुळाला लहान चिलाप्या तुटून पडतात. टुचटुच करत आमिष कुरतडतात, मोठ्याला वाव देत नाहीत. मग कणकेत गूळ आणि पेंड मळून पाहिली. दाजी त्या वेळी सारखे जिंकत होते आणि आमिष विचारलं की "कणीकच की" म्हणायचे. त्यांच्या डब्यात कणीक असायची हे खरं, पण ती दाखवायची होती. एकदा त्यांचा गळ बाभळीत अडकला आणि तो सोडवायला मीच पाण्यात उतरलो, तेव्हा गळाला काय गुंडाळलं आहे ते हाताला लागलं. शेवाळ. बांधाच्या दगडांवर वाढतं ते हिरवं, केसांसारखं लांब शेवाळ. वाढलेली चिलापी मुख्यतः हेच खाते. लहान मासळी त्याकडं ढुंकून पाहत नाही. म्हणजे शेवाळ लावलं की लहानांची टुचटुच थांबते आणि गळ मोठ्यासाठी राखून राहतो. मी वर येऊन काहीच बोललो नाही. पुढच्या रविवारी माझ्या गळालाही शेवाळ होतं. दाजींनी ते पाहिलं, पाण्याकडं तोंड वळवलं आणि म्हणाले, "भाऊ, दोन येढे गुंडाळायचे. तीन झाले का गळाचं टोक झाकतं."

बाकीच्या गोष्टी पाण्यानंच शिकवल्या. थंडीत चिलापी गारठते, खाणं टाकते आणि डोहाच्या तळाशी जाते, तेव्हा सकाळी जाण्यात अर्थ नाही. दुपारी बारानंतर ऊन उथळ पाणी तापवतं आणि ती अंग शेकायला वर येते. उन्हाळ्यात नेमकं उलटं. पहाट, नाहीतर दिवस मावळताना. सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, म्हणून पश्चिमेला तोंड करून मावळतीचं बसायचं. तंगूस जितकी बारीक तितकी बरी. तरंगायला विकतचा फ्लोट नको, मोराच्या गळून पडलेल्या पिसाचा देठ हवा, कारण त्याला नुसता श्वास लागला तरी तो हलतो. देठ बुडाला की झटका द्यायचा नाही. तो आडवा सरकू लागला की मनगट नुसतं उचलायचं. आणि काठावर बोलायचं नाही. हा शेवटचा नियम आम्ही दोघंही पाळत नाही. पाळला असता तर एवढी वर्षं कशासाठी गेलो असतो?

या सगळ्याहून मोठी गोष्ट आम्हाला संस्थेच्या भोईबाबांनी सांगितली. तलावाचा ठेका मच्छीमार संस्थेकडं असतो. संस्था पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडते आणि उन्हाळ्याआधी जाळं लावते. भोईबाबा थर्माकोलच्या तराफ्यावर मांडी घालून बसतात आणि हातात एक लहान वल्हं घेऊन असे फिरतात, जणू घराच्या ओसरीवरून चाललेत. आमच्या गळांना त्यांची हरकत नसते, चिलापी काढली तर उलट बरंच वाटतं, कारण ती त्यांच्या बोटुकल्यांच्या तोंडचा घास खाते. एकदा मी म्हणालो, "बाबा, एवढ्या चिलाप्या आहेत, पण मोठी एक नाही." ते म्हणाले, "लै हायती म्हनूनच मोठी न्हाई. घरात खानारी तोंडं वाढली का कुनाचंच पोट भरत न्हाई. मरळ वाढू द्या. मरळ पिल्लं खाती, राहिल्याल्या चिलापीला खायला मिळतं. जितं मरळ तितं मोठी चिलापी."

हे वाक्य मी ऐकलं आणि विसरलो. त्याची किंमत २०१७ मध्ये मोजली.

त्या ऑगस्टमध्ये डोहाच्या कडेला पाण्यावर एक शेंदरी ढग दिसला. ताटलीएवढा, हलणारा, मधूनच फुटणारा आणि पुन्हा गोळा होणारा. मरळीची पिल्लं. मरळ हवेतला श्वास घेते, तशी तिची पिल्लंही घेतात, म्हणून ती झुंडीनं वर येतात. आणि त्या ढगाच्या खाली, दिसणार नाही अशी, आई-बापांची राखण असते. नर-मादी दोघंही पिल्लांजवळ राहतात आणि काहीही जवळ आलं की त्यावर धावून जातात, भूक असो की नसो. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी बेडूक लावलेला गळ बरोबर त्या ढगाच्या मध्ये सोडला. पाणी फुटलं. अडीच किलोची मरळ होती. एवढा मोठा मासा मी आयुष्यात कधी काढला नव्हता.

ती काठावर आपटत होती आणि मी पाण्याकडं पाहिलं. शेंदरी ढगाच्या भोवती पाणी उकळल्यासारखं झालं होतं. चिलाप्या. चारी बाजूंनी आल्या होत्या. दुसरी मरळ असेलही खाली, पण तिला एकटीला ते आवरलं नाही. पाव तासात तिथं साधं पाणी उरलं.

दाजी शेजारीच होते. त्यांनी आपली तंगूस गुंडाळली आणि घराकडं चालू लागले. घरी परात पुढं ठेवली तेव्हा ताईनं मासा पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. "पिल्लं होती का खाली?" मी मान हलवली. ताईचा हात पदराबाहेर आला नाही. तिनं वीत घातली नाही. मासा तिनं रांधला, आम्ही जेवलो, कारण मारलेला मासा वाया घालवणं हे आणखी वाईट. पण भिंतीवर त्या सालच्या खाली माझ्या मरळीचा उल्लेख नाही. २०१७, गेरूनं, दाजींची चिलापी, वीत, एक बोट. मी आजही तिथून जाताना ती कोळशाची मोकळी जागा पाहतो.

पुढच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. २०१९ च्या मार्चमध्ये डोहसुद्धा गुडघाभर चिखल होऊन राहिला. गावातली पोरं टोपल्या घेऊन उतरली होती आणि ज्याच्या हाताला जे लागेल ते नेत होती. कुणाला काय म्हणणार? दाजी गुडघ्यापर्यंत चिखलात उभे होते आणि मला हाका मारत होते. चिखलात हवेवर तग धरून राहिलेल्या तीन मरळी त्यांनी धरल्या होत्या. दोन हातभर, एक त्याहून लहान. "ड्रम आन," ते म्हणाले. मी समजलो विकायला. मरळ जिवंत असली तर भाव दुप्पट येतो. पण दाजींनी ट्रॅक्टर मळ्याकडं वळवला आणि ड्रम त्यांच्या विहिरीपाशी उतरवला. विहिरीत अर्धा परसही पाणी नव्हतं. गावात टँकर येत होता, बायका त्याच्या मागं हंडे घेऊन धावत होत्या, आणि आम्ही दोघं मासे दोराला बांधलेल्या टोपलीतून विहिरीत सोडत होतो. मला लाज वाटली, हे मी मान्य करतो. ताई काठावर उभी होती. ती म्हणाली, "विहिरीला राखणदार पाहिजेच. पाण्याला वाटलं पाहिजे, आपल्याला कुणी आहे म्हणून."

त्याच उन्हाळ्यात कोरड्या तलावात जेसीबी उतरला. धरणातला गाळ काढून शेतात टाकायची योजना २०१७ पासून राज्यात सुरू होती. शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरनं गाळ नेला. सत्तेचाळीस वर्षांचा गाळ, काळा, लोण्यासारखा. डोह खोल झाला आणि खाली पुन्हा तो मुरूम उघडा पडला. ताई तिथं गेली होती. मुरमाचा एक खडा उचलून तिनं पदराच्या गाठीत बांधला.

२०१९ चा पाऊस उशिरा आला, ऑक्टोबर संपता संपता, पण आला तो तलाव भरूनच. विहिरीतून मरळी काढायला आम्हाला दोन दिवस लागले. तिन्ही जिवंत होत्या. त्या सोडल्या तेव्हा भोईबाबा तराफ्यावरून पाहत होते आणि त्यांना राग आला. "म्या कोकरं सोडली आन तुमी त्यात वाघ सोडला," ते म्हणाले. त्यांचं खरं होतं. मरळीचं महत्त्व त्यांनीच सांगितलं होतं, पण ते चिलापीसाठी. त्यांचं पोट रोहू-कटल्यावर होतं. दाजी त्यांच्याशी बराच वेळ काठावर उकिडवं बसून बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात संस्थेनं बोटुकली जरा वाढवून, हाताच्या पंजाएवढी करून सोडली, जी मरळीला सहजासहजी गिळता येत नाही. ती प्रथा अजून आहे.

आणि मग तीन पावसाळे सलग. २०२०, वीत, एक बोट. २०२१, वीत, तीन बोटं. २०२२, वीत, पाच बोटं, दाजींची, गेरूनं. त्या मोठ्या चिलापीनं परातीच्या दोन्ही कडा गाठल्या होत्या. ताईनं ती दोनदा मोजली. दाजींनी स्वतःचाही हात लावून पाहिला आणि कधी नव्हे ते मोठ्यानं सांगितलं, "माझ्या हातानं वीत अन् दोन बोटं!"

माझा भाचा टेक्सासमध्ये, डॅलसजवळ नोकरीला आहे. लहानपणी त्याला मीच सनकाडीचा तुकडा तंगुशीला बांधून गळ धरायला शिकवला. तिकडं तो क्रॅपी नावाच्या माशामागं लागला आहे. फोनवर दाखवतो. रुपेरी अंग, त्यावर काळे ठिपके, चपटा, आपल्या चिलापीचा दूरचा पाहुणा वाटावा असा. त्याच्या गोष्टी ऐकताना आम्हाला आमचाच तलाव दिसतो. क्रॅपी बुडालेल्या झाडांच्या आधारानं राहते. तिकडचे लोक नाताळ संपला की जुनी झाडं दगड बांधून मुद्दाम तळ्यात बुडवतात, म्हणजे क्रॅपीला आसरा होतो. दाजी म्हणाले, "आपल्या बाभळी तर फुकट बुडालेल्या आहेत." तिचे ओठ इतके पातळ की लोक तिला कागदी तोंडाची म्हणतात, झटका दिला की ओठ फाटतो आणि मासा जातो. "मनगट उचलायचं," दाजी म्हणाले, "मी लहानपणीच सांगितलं होतं." लहान तळ्यात क्रॅपी फार झाली की तीही खुजी राहते, आणि अशा तळ्यात लहान लहान मासे काढून खाल्ले तरच उरलेले वाढतात. तेव्हा मी भोईबाबांचं वाक्य त्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, इथं हे शिकवायला पुस्तकं आहेत."

तिथं राज्याचा नियम आहे, सर्वसाधारणपणे दहा इंचांहून लहान क्रॅपी परत पाण्यात सोडायची आणि दिवसाला पंचवीसहून जास्त न्यायच्या नाहीत. पांढऱ्या क्रॅपीचा जगातला विक्रम १९५७ चा आहे, मिसिसिपीतल्या एनिड धरणावरचा, पाच पौंड तीन औंस, म्हणजे सुमारे दोन किलो साडेतीनशे ग्रॅम. साठ-सत्तर वर्षं तो कुणाला मोडता आला नाही. काळ्या क्रॅपीचा २०१८ चा, टेनेसीतला, अडीच किलोला थोडा कमी. हे ऐकून दाजी विचारात पडले. मासा किती मोठा याचा तो विचार नव्हता. ते म्हणाले, "तिथं पाणी आटत नसंल."

त्या तळ्यांवर लोकांना विक्रमाची तारीख सांगता येते. आमच्या भिंतीवर एकही विक्रम सलग चार वर्षांच्या पाण्यावर उभा नव्हता.

भाचा गेल्या सालच्या उन्हाळ्यात आला तेव्हा त्यानं एक मापपट्टी आणली. पिवळी, प्लास्टिकची, मासा ठेवायला एका टोकाला आडवी कड, दहा इंचांवर जाड काळी रेघ. दाजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, "छान आहे" म्हणाले आणि देवळीत दिव्याशेजारी उभी करून ठेवली. ती अजून तिथंच आहे. ताई दिवा लावताना ती जरा बाजूला सरकवते.

२०२३ ला पाऊस कमी झाला, पण खोल झालेला डोह आटला नाही. वीत, चार बोटं. २०२४ ला तलाव पुन्हा भरला. वीत, चार बोटं, माझी, कोळशानं. आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर पावसानं मराठवाडा झोडपून काढला. नदीकाठच्या कित्येकांची उभी पिकं गेली, आमचाही खालचा मका झोपला. सांडवा पंधरा दिवस वाहत होता. आईनं उचललेल्या मातीवरून पाणी जात होतं आणि ताई रोज संध्याकाळी तिथं जाऊन बांधाला कुठं भेग तर नाही ना, ते चालत पाहत होती.

दिवाळी झाल्यावर पाणी निवळलं. दाजींचे गुडघे आता धरतात. उथळ पाण्यात उतरून बाभळीपाशी जाणं त्यांना होत नाही, म्हणून ते आमच्या बाजूला, बांधावर येऊन बसतात. मी त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची नेतो. त्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला त्यांचा देठ आडवा सरकला. त्यांनी मनगट उचललं. काठी वाकली ती वाकलीच. मी उठू लागलो तर त्यांनी डाव्या हातानं मला खाली बसवलं. काळा नर होता. परांची तांबडी किनार उन्हात पेटलेली. त्यांनी तो मांडीवरच्या ओल्या फडक्यावर ठेवला आणि आपली रुंद वीत त्यावर पसरली. मग दोन बोटं. "बावीससालची बरोबरी," ते म्हणाले. "जास्त नाही. बरोबरीच."

घरी आलो तेव्हा ताई अद्रकाच्या बेण्याची निवड करत बसली होती. तिनं हात धुतले. परात पुढं ओढली, अंगठा माशाच्या तोंडाशी टेकवला आणि करंगळी ताणली. करंगळी पूर्वी जिथं पोचायची त्याच्या अलीकडंच थांबली. बोटांची पेरं सुजलेली आहेत, दोन वर्षं झाली. चाळीस वर्षं कापूस वेचलेली बोटं. तिनं पुन्हा ताणायचा प्रयत्न केला, थोडं हसली, करंगळीची जागा डाव्या हातानं धरून ठेवली आणि उरलेल्यावर बोटं लावू लागली. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा दोन.

"वीत अन् सहा बोटं," ती म्हणाली. "बाई गं. असा तर कधीच नव्हता आला."

मी दाजींकडं पाहिलं. ते ताईच्या हाताकडं पाहत होते.

फोन वाजला. भाचा होता, त्याच्याकडं पहाट झालेली. "अप्पा, मामानं फोटो पाठवला. किती इंच?" दाजींनी देवळीकडं पाहिलं नाही. गेरूचा खडा त्यांच्या हातात आधीच होता. भिंतीला हात टेकून ते उठले. "इंच नाही मोजले," ते म्हणाले. "वीत, सहा बोटं. तुझ्या आईनं मोजलाय." आणि २०२२ च्या नोंदीच्या वर, जिथं आजवर काहीच लिहिलं नव्हतं तिथं, त्यांनी साल लिहायला सुरुवात केली.